रोजचे 180 लिटर

दाभोळच्या धक्क्यावर मासळी उतरते तेव्हा ती निवडलेली नसते. जाळ्यात आलं ते सगळं ओतलेलं असतं. कोळंबी, मांदेली, बांगडा, खेकड्यांची पिल्लं, शेवाळ, प्लास्टिकची एखादी पिशवी. बायका त्या ढिगाभोवती उकिडव्या बसतात आणि हात सुरू होतात. मी त्यांच्यातल्या एका मावशींना विचारलं होतं, आधी घाण काढून का टाकत नाही? हात न थांबवता त्या म्हणाल्या, "घाण कशाला हुडकायची बाय? चांगलं तेवढं उचलायचं. ऱ्हायलं ती घाण."

मूत्रपिंडाचं काम इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्या मनात किडनी म्हणजे चहाची गाळणी असते. रक्त वरून ओतलं, चोथा अडकला, स्वच्छ रक्त खाली. प्रत्यक्षात ती चोथा हुडकत बसत नाही. रक्तातल्या पेशी आणि मोठी प्रथिनं तेवढी धरून ठेवते आणि बाकी सगळं बाहेर ओतते. पाणी, मीठ, साखर, युरिया, काल घेतलेल्या गोळीचे अवशेष, सगळं. मग त्या ढिगातून कामाचं आणि ओळखीचं तेवढं परत उचलते. ज्याला उचलणारा हात नाही ते वाहून जातं. म्हणून तर गेल्या वर्षी कारखान्यात पहिल्यांदा तयार झालेलं, माणसाच्या शरीराने पिढ्यान् पिढ्या न पाहिलेलं रसायनही ती बाहेर काढू शकते. त्याची ओळख पटवायची गरजच नसते.

पण या पद्धतीला मेहनत प्रचंड लागते.

दोन्ही मूत्रपिंडांचं मिळून वजन एका भरलेल्या हापूसएवढं, फार तर 300 ग्रॅम. अंगाच्या वजनात त्यांचा वाटा अर्धा टक्का. हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटरभराहून थोडं जास्त या दोघांकडे जातं. दिवसाला सुमारे 1,600 लिटर. त्यातून मिनिटाला 125 मिलिलिटर पाणी गाळून बाजूला पडतं, म्हणजे 24 तासांत 180 लिटर. लघवी होते दीड लिटर. उरलेलं 178.5 लिटर एकेक उचलून पुन्हा रक्तात घातलेलं असतं. त्या 180 लिटरमध्ये दीड किलोच्या आसपास मीठ असतं आणि 180 ग्रॅम साखर. लघवीत मीठ जातं आपण खाल्लं तेवढंच, काही ग्रॅम. साखर जवळजवळ शून्य.

रक्तातला पातळ भाग, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, अंगात जेमतेम तीन लिटर असतो. तो दिवसातून 60 वेळा गाळला जातो, दर 24 मिनिटांनी एकदा. धोपाव्याला जाणारी फेरीबोट पलीकडून येईपर्यंत तुम्ही धक्क्यावर वाट बघत बसता, तेवढ्यात तुमच्या अंगातला सगळा प्लाझ्मा एकदा बाहेर ओतून, निवडून, परत भरून झालेला असतो. सत्तर वर्षांच्या आयुष्यात हे गाळप होतं सुमारे 46 लाख लिटर. दहा हजार लिटरचे 460 टँकर. कोकणातल्या ज्या वाड्या मे महिन्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून असतात, त्यांना एका टँकरची किंमत माहीत आहे.

आता हा हिशेब देशाचा करून पाहू, मापाला जवळची नदी घेऊन. दाभोळला समुद्राला मिळणाऱ्या वाशिष्ठीत नुसतं सह्याद्रीचं पावसाचं पाणी नसतं. कोयनेचं पाणी पोफळीकडे डोंगराच्या पोटातून खाली उतरतं, वीज तयार करतं आणि अवजल होऊन चिपळूणजवळ वाशिष्ठीत येतं. कृष्णेच्या पाणीवाटप लवादाने या पश्चिमेकडच्या पाण्याची मर्यादा वर्षाला 67.5 टीएमसी ठरवली आहे. एक टीएमसी म्हणजे 2,832 कोटी लिटर. आता देशातली मुलं सोडून द्या, फक्त 100 कोटी प्रौढ माणसं धरा. त्यांची मूत्रपिंडं रोज 18,000 कोटी लिटर गाळतात, म्हणजे सहा टीएमसीहून जास्त. कोयनेचं वर्षभराचं अवजल आपण सगळे मिळून अकरा दिवसांच्या आत गाळून संपवतो. काठोकाठ भरलेलं 105 टीएमसीचं अख्खं कोयना धरण सतरा दिवसांत. आणि त्यातलं 99 टक्के पाणी जिथून घेतलं तिथे परत ठेवतो.

हे करतात कोण? नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म गाळण्या. एका मूत्रपिंडात सरासरी 10 लाख. प्रत्येकीच्या तोंडाशी केसासारख्या रक्तवाहिन्यांचा एक पुंजका, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा, आणि त्याला जोडलेली वळणावळणाची नळी, उलगडली तर पाच सेंटिमीटरच्या आसपास. निवडणाऱ्या बायकांचे हात म्हणजे ही नळी. दोन्ही मूत्रपिंडांतल्या 20 लाख नळ्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर 100 किलोमीटर होतात. दाभोळहून दापोलीला दोनदा जाऊन यावं, साधारण तेवढी.

मात्र 10 लाख ही सरासरी आहे. शवविच्छेदनांतून केलेल्या मोजणीत एका मूत्रपिंडात कुणाच्या 2 लाख नेफ्रॉन निघाले, कुणाच्या 27 लाख. गर्भाच्या छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमाराला नवे नेफ्रॉन होणं थांबतं. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा मिळत नाही. आईच्या पोटात वाढ खुंटलेलं, कमी वजनाचं बाळ बहुधा कमी नेफ्रॉन घेऊन जन्माला येतं. एकाच गावातल्या दोन माणसांना सारखाच मधुमेह, सारखीच औषधं, आणि एकाची किडनी पंधरा वर्षांत थकते, दुसऱ्याची नाही. त्याच्या कारणांतलं एक कारण असं पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एका गरोदर बाईच्या जेवणात असू शकतं. मला ही गोष्ट कळली तेव्हा अंगणवाडीतल्या वजनकाट्याकडे बघण्याची माझी नजर बदलली.

यातला सगळ्यात थक्क करणारा आकडा मला पाण्याचा वाटत नाही, अल्ब्युमिनचा वाटतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं मोठं प्रथिन, प्लाझ्माच्या एका लिटरमध्ये 40 ग्रॅमच्या आसपास. मूत्रपिंडांतून दिवसाला 900 लिटर प्लाझ्मा फिरतो. म्हणजे रोज 36 किलो अल्ब्युमिन त्या पुंजक्यांच्या भिंतीला घासून जातं. निरोगी माणसाच्या लघवीत दिवसभरात त्यातलं किती सापडतं? 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी. बारा लाखांत एक भागसुद्धा नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांचा पहिला घाव याच भिंतीवर बसतो. रोजचे 30 मिलिग्रॅम 300 होतात, तेव्हा माणसाला काहीही जाणवत नसतं. भूक नीट, झोप नीट, रक्तात साचलेला कचरा मोजणारी क्रिएटिनिन चाचणीही नीट. पुढे कधीतरी लघवीला फेस दिसू लागतो, लगेच न विरणारा. पण त्याच्या कितीतरी आधी, लघवीच्या लहानशा नमुन्यात हे अल्ब्युमिन सापडतं. मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही तपासणी करावी. साखर तपासायला जाणारे लाखो लोक आहेत. लघवीतलं अल्ब्युमिन तपासा असं स्वतःहून सांगणारा रुग्ण मला अजून भेटायचा आहे.

मिठाचं गणित बंदराच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पंधराव्या शतकात रशियाचा व्यापारी अफनासी निकितिन परतीच्या जहाजावर चढला तो या दाभोळ बंदरातूनच. त्या काळच्या प्रत्येक गलबतावर मालाआधी गोड्या पाण्याची सोय बघावी लागे, त्याचं कारण मूत्रपिंडातच आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये 35 ग्रॅम मीठ. माणसाचं मूत्रपिंड लघवी इतकी खारट करू शकत नाही. म्हणून एक लिटर समुद्राचं पाणी पोटात गेलं तर त्यातलं मीठ बाहेर काढायला दीड-दोन लिटर लघवी करावी लागते, आणि ते जादा पाणी अंगातून जातं. माणूस पाणी पिऊन सुकतो. जमिनीवर मीठ सावकाश त्रास देतं, रक्तदाब वाढवून. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, आपण 8 ते 10 ग्रॅम खातो. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड हे कोकणी जेवणाचं वैभव आहे आणि मी ते सोडा म्हणणार नाही. पण रक्तदाबाची गोळी सुरू झालेल्या घरात सोडे रात्रभर भिजत घालून ते पाणी फेकून द्यावं, आणि ताटात डाव्या बाजूला मीठ वाढायची चाल बंद करावी.

पाण्याचं मात्र उलटं आहे. मावशी सकाळी चारला उठतात, धक्क्यावर येतात, पाटी भरून गावोगाव विकायला जातात आणि दुपारी दोनला घरी येतात. या दहा तासांत त्या पाणी पितात का? "एक पेला. जास्त प्यायलं तर जायचं कुठं?" हे एवढंच वाक्य, आणि त्यात महाराष्ट्रातल्या लाखो बायकांचा दिवस आहे. एसटीने फिरणाऱ्या शिक्षिका, बांधावरच्या मजुरणी, बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या. मुंबईत 2011 साली 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली ती याच एका गोष्टीसाठी.

शरीराच्या बाजूने पाहा. मूत्राशयापासून बाहेरपर्यंतची वाट पुरुषात 20 सेंटिमीटर असते, बाईत फक्त 4. जंतूला चढायला इतकं कमी अंतर. मूत्रमार्गाच्या संसर्गाला बहुतेक वेळा कारण असतो ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा, मिलिमीटरच्या पाचशेव्या हिश्शाएवढा. मनासारखं वातावरण मिळालं तर तो 20 मिनिटांत एकाचे दोन होतो. सात तासांत 21 वेळा दुप्पट, म्हणजे एका जंतूचे जवळपास 21 लाख. दहा तासांत 107 कोटी. मूत्राशयात त्याला इतकं मोकळं रान मिळत नाही, कारण आपण लघवीला जातो आणि दर वेळी त्यातले बहुतेक धुऊन निघतात. जो जातच नाही, तो त्याला रान मोकळं करून देतो. लघवीच्या कल्चर तपासणीत एका मिलिलिटरमध्ये 1 लाख जंतू हा संसर्गाचा जुना मानदंड आहे. पेलाभर, 200 मिलिलिटर लघवीत ते 2 कोटी होतात.

निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे दुखणं होतं. आपल्याकडे त्याला "उन्हाळी लागली" म्हणतात, धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं देतात. त्याने लघवी वाढते आणि आराम पडतो, हे खरंच आहे. पण दोन दिवसांत जळजळ गेली नाही, लघवीत रक्त दिसलं, किंवा थंडी वाजून ताप आला आणि कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखू लागलं, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत पोचले असं समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. गरोदर बाईने तर जळजळ नसली तरी लघवी तपासून घ्यायची. आणि औषध दिलं तर जितक्या दिवसांचं दिलं तितकं पुरं घ्यायचं. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या शेजारणीसाठी डब्यात ठेवायच्या नाहीत.

कमी पाण्याचं दुसरं फळ मुतखडा. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणारी नळी 25 ते 30 सेंटिमीटर लांब आणि आतून 3-4 मिलिमीटर रुंद. त्यात तांदळाच्या दाण्याएवढा खडा अडकला की खलाशीसुद्धा गडाबडा लोळतो. 5 मिलिमीटरपर्यंतचे तीनातले दोन खडे आपणहून पडतात. कुळथाचं कढण प्यायल्याने पोटात पाणी जातं, तेवढं चांगलं. पण सेंटिमीटरभराचा खडा कढणाने विरघळेल या आशेवर महिने काढू नयेत. कळ थांबली म्हणजे खडा गेला असं नसतं. कधीकधी तो तसाच अडकून राहतो आणि मागे मूत्रपिंड मुकाट्याने फुगत जातं. सुश्रुताच्या ग्रंथात खडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया आहे. बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन माणसाचा खडा फोडण्याचा पहिला प्रयोग 1980 साली म्युनिकमध्ये झाला. या सगळ्यापेक्षा सोपं काम म्हणजे दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पिणं. उन्हात घाम गाळणाऱ्याला त्यासाठी तीन-चार लिटर प्यावं लागेल. ज्यांना हृदयाचा किंवा किडनीचा आजार आधीच आहे त्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरला विचारूनच ठरवायचा.

आणि कोकणचं म्हणून एक दुखणं, लेप्टो. याचा जंतू उंदराच्या मूत्रपिंडातल्या नळ्यांत बिऱ्हाड करून राहतो, उंदराला फारसा त्रास न देता. त्याच्या लघवीतून तो चिखलणीच्या पाण्यात उतरतो आणि लावणी करणाऱ्याच्या पायाच्या भेगेतून आत शिरतो. जाडी इतकी कमी की मिलिमीटरभर रुंदीत दहा हजार जंतू शेजारी शेजारी मावतील. उंदराच्या मूत्रपिंडातून निघून माणसाच्या मूत्रपिंडापर्यंतचा हा प्रवास. ताप, डोळे लाल, पोटऱ्या धरून आलेल्या, आणि मग लघवी कमी. पावसाळ्यात शेतात उतरलेल्याला असा ताप आला तर आपण चिखलात काम केलं हे डॉक्टरला आधी सांगायचं. वेळेत औषध मिळालं तर थांबलेलं मूत्रपिंड पुन्हा चालू लागतं.

सावकाश थकलेलं मात्र पुन्हा उभं राहत नाही. जगात 85 कोटी माणसांना मूत्रपिंडाचा कुठला ना कुठला आजार आहे असा अंदाज आहे. 2017च्या एका जागतिक मोजणीत भारताच्या वाट्याला दीर्घकालीन आजाराचे साडेअकरा कोटी रुग्ण आले. 2011च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी होती. एवढी माणसं, आणि त्यांतल्या बहुतेकांना पत्ता नाही, कारण 20 लाखांतले 10 लाख नेफ्रॉन गेले तरी उरलेले त्यांचं काम अंगावर घेतात. एक मूत्रपिंड दान केलेला माणूस धडधाकट जगतो तो याच जोरावर.

क्रिएटिनिनचा आकडाही इथेच फसवतो. ते 1चं 2 झालं तर आपण म्हणतो, थोडं वाढलंय. त्या थोड्यात निम्मं काम गेलेलं असतं. 2चे 4 होतात तेव्हा उरलेल्यातलं निम्मं, म्हणजे मूळच्या शंभरातले 25. 4चे 8 होतात तेव्हा साडेबारा. घरचे घाबरतात तिसऱ्या पायरीवर. पन्नास गेलेले असतात पहिलीवर, आणि तेव्हाच सावरायला जागा असते. रक्तदाब आणि साखर काबूत ठेवणं, गुडघ्या-कमरेसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद करणं, एवढ्याने पुढची घसरण कित्येक वर्षं लांबते.

नाहीतर यंत्र. विलेम कोल्फ या डच डॉक्टरने 1943 साली जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये पहिलं डायलिसिस यंत्र जुळवलं ते सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या एका लाकडी पिंपावर गुंडाळून. पहिल्या 16 रुग्णांत त्याला यश असं आलंच नाही. 1945 साली 67 वर्षांची एक बाई अकरा तासांच्या उपचारानंतर शुद्धीवर आली. आजचं यंत्र कितीतरी सुधारलेलं आहे. पण आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, म्हणजे 12 तास ते चालतं. मूत्रपिंड आठवड्याचे 168 तास चालतं. शिवाय यंत्र फक्त ओततं. उचलणारा हात त्याला नाही.

2016च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा दिलेला आकडा असा होता की देशात दर वर्षी 2.2 लाख नवे रुग्ण मूत्रपिंड निकामी होण्याच्या टप्प्याला पोचतात आणि त्यांच्यासाठी 3.4 कोटी डायलिसिस जास्तीचे लागतात. एका वेळेला 120 लिटर शुद्ध द्रावण, म्हणजे फक्त या नव्या रुग्णांना वर्षाला 408 कोटी लिटर. प्रत्यारोपण देशभरात वर्षाला तेरा हजारांच्या आसपास. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचा खर्च निघतो, पण वाटेचा निघत नाही. दाभोळच्या माणसाला अगदी दापोलीपर्यंतच जावं लागलं असं धरलं तरी वर्षाला 156 फेऱ्या, साडेआठ हजार किलोमीटरहून जास्त. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाऊन परत यावं, त्याहून अधिक. दर वर्षी.

असे एक गृहस्थ मला फेरीबोटीवर भेटले. उमेदीची वर्षं बोटीवर खलाशी म्हणून काढलेली. डाव्या दंडावर डायलिसिससाठी केलेल्या फिस्चुलाची फुगलेली शीर, हात लावला तर आत थरथरणारी. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे प्यायलेला प्रत्येक थेंब पुढच्या डायलिसिसपर्यंत अंगातच राहणार. म्हणून त्यांना दिवसाला पाऊण लिटरची परवानगी आहे, चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी धरून. खिशात त्यांच्या औषधाची रिकामी बाटली होती, नखाने खुणा केलेली. मे महिन्याची दुपार, बोटीचा पत्रा तापलेला. त्यांनी बूच उघडलं, त्या बुचातच पाणी ओतलं, ओठ आणि जीभ ओली केली आणि उजेडात धरून बाटलीतली खूण पाहिली. खाली वाशिष्ठी समुद्राकडे चालली होती. वर्षाच्या सरासरीने एकट्या कोयनेचं पाणी तिच्यात सेकंदाला 60 हजार लिटर येतं. "दुपारपर्यंत इथवर पुरवायचं," ते म्हणाले आणि खुणेवर अंगठा ठेवला.